मराठीचे ख्रिस्ती पुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिली हा शब्द ह्या वर्षी आपल्या धर्मग्रामात लहानथोरांच्या तोंडी आहे. तो मूळचा मराठी नव्हे, इंग्रजी नव्हे, आणि लॅटिनही नव्हे. हिब्रू भाषेत योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीयाच्या पुस्तकातील २५व्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, सात वेळा सात वर्षे लोटल्यावर ५०व्या वर्षी कर्णा फुंकून मुक्ततेची घोषणा करावी. दास झालेल्यांनी आपापल्या कुळात परत जावे, आणि हातची गेलेली वतने ज्यांची त्यांस परत मिळावी. त्या शिंगाचे नाव पुढे त्या वर्षासच पडले, आणि ग्रीक, लॅटिन व यूरोपखंडातील इतर भाषा ह्यांचे उंबरठे ओलांडीत ते आपल्या दाराशी येऊन पोहोचले.

शब्द हे असे दूरचे वाटसरू असतात. आपल्या प्रार्थनेत, सणांत आणि स्वयंपाकघरांत त्यांतले कित्येक कायमचे वस्तीस आले आहेत, आणि कित्येक घरचेच शब्द प्रभूच्या सेवेस लागून नवा अर्थ पावले आहेत. हे घडले कसे, ह्याचा विचार करू लागले असता एका परदेशी धर्मगुरूची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. पोर्तुगीज त्यांस पाद्री एस्तेव्हाँव म्हणत. त्यांचे ख्रिस्तपुराण हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल; परंतु तो ग्रंथ का लिहिला गेला, कोणत्या लिपीत छापला गेला, आणि पुढे त्याची काय दशा झाली, हे सर्वांस ठाऊक असतेच असे नाही. म्हणून ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात १५४९च्या सुमारास झाला. त्या वेळी त्या देशात धर्माची मोठी उलथापालथ चालली होती. राणी एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आल्यावर कॅथलिक धर्म पाळणे हे तेथे संकटास आमंत्रण देण्यासारखे झाले. मिस्सा चोरून होत असे, आणि धर्मगुरूंस आश्रय देणारांवर पाळत असे. तरुण थॉमस ह्यांचा थॉमस पाऊंड नावाच्या एका श्रीमंत व निष्ठावान कॅथलिक गृहस्थाशी स्नेह जडला. दोघांनी मिळून रोमला जावे व येशू संघात प्रवेश मागावा असा बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे ३० वर्षे तुरुंगातच गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले, आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशू संघात प्रवेश केला. मित्राचा त्यांस विसर पडला नाही. बंदीत असलेल्या पाऊंड ह्यांसही संघात घ्यावे म्हणून त्यांनी श्रेष्ठींकडे रदबदली केली, आणि १५७८ साली ती विनंती मान्य झाली.

त्यानंतर स्टीफन्स ह्यांनी हिंदुस्थानात जाण्याची अनुज्ञा मागितली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे गलबत निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. ह्या सहा महिन्यांच्या प्रवासाची हकीकत त्यांनी १० नोव्हेंबर रोजी वडिलांस लिहून कळविली. वारे, प्रवाह, मासे, पक्षी, आणि दीर्घ प्रवासात खलाशांस जडणारी व्याधी, ह्या सर्वांचे वर्णन त्या पत्रात आहे. पुढे १५८९ साली हक्लूट ह्यांच्या प्रवाससंग्रहात ते छापले गेले आणि इंग्लंडातील व्यापारी लोकांनी ते मोठ्या उत्सुकतेने वाचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून फादर स्टीफन्स ह्यांची नोंद इतिहासकार करितात. मात्र ते व्यापारासाठी आले नव्हते, राज्यासाठीही आले नव्हते. मायदेशी त्यांस पुन्हा जावयाचे नव्हते, आणि ते गेलेही नाहीत.

गोव्यात त्यांची नेमणूक सासष्टीत झाली. आपल्या वाचकांस सासष्टी म्हटले म्हणजे ठाणे-वांद्र्याकडील बेट आठवेल; परंतु ही सासष्टी गोव्याच्या दक्षिण भागातील होय. दोहोंचे नाव एकच, आणि त्याचा अर्थही एकच सांगतात, तो म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. पोर्तुगीजांच्या जिभेवर त्या नावाचे साल्सेत झाले, इतकेच. मधली थोडी वर्षे सोडली तर फादर स्टीफन्स ह्यांचे उरलेले सारे आयुष्य, म्हणजे जवळजवळ ४० वर्षे, ह्याच मुलखात गेले.

तो काळ साधा नव्हता, आणि सत्यकथन करावयाचे तर तो जसा होता तसाच सांगितला पाहिजे. १५६७ साली सासष्टीतील देवळे पोर्तुगीज अंमलदारांनी पाडली होती. जुने ग्रंथ बाळगण्यास व पुराणे ऐकण्यास बंदी झाली होती. लोकांच्या मनात दुःख आणि क्रोध साचला होता. १५८३च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे त्या क्रोधाचा स्फोट झाला. फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती, तसेच त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोक, तेथे मारले गेले. ख्रिस्तसभेने ह्या पाच जणांस १८९३ साली धन्य म्हणून घोषित केले. त्या प्रसंगानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांस बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून सरकारी शिपायांनी ठार केले, हेही इतिहासात नमूद आहे. दोन्ही बाजूंची कुटुंबे त्या वर्षी शोकात बुडाली. अशा भूमीत, अशा लोकांत, फादर स्टीफन्स ह्यांस शुभवर्तमान सांगावयाचे होते.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी त्यांनी यूरोपात असलेल्या आपल्या रिचर्ड नावाच्या भावास एक लॅटिन पत्र लिहिले. कुंकळ्ळीच्या त्या मृत्यूंची वार्ता त्यात आहे; आणि त्याच पत्रात, जणू सहज, एक असे निरीक्षण आहे की ज्याने आज विद्वानांस थक्क केले आहे. ह्या देशातील भाषा पुष्कळ असून त्यांचे उच्चार कानास कटू लागत नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन ह्या भाषांशी जुळती आहे, असा त्या निरीक्षणाचा आशय आहे. ह्या देशात येऊन त्यांस अवघी चारच वर्षे झाली होती. कोलकात्यास सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या नात्याचा सिद्धान्त १७८६ साली मांडला, आणि भाषाशास्त्राचा पाया तेथून घातला गेला असे म्हणतात. फादर स्टीफन्स ह्यांस त्या नात्याचा सुगावा त्याच्या २०० वर्षे आधी लागला होता. पण त्यांचे पत्र २०व्या शतकापर्यंत जगापुढे आलेच नाही.

हे नाते म्हणजे काय, हे आपल्या नेहमीच्या शब्दांवरून पाहता येईल. आपण धर्मगुरूंस पाद्री म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज पाद्रे, त्यामागे लॅटिन पातेर, आणि त्याचा अर्थ पिता. आता पातेर आणि संस्कृतातील पितृ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावे. एकाच आजाची ही नातवंडे आहेत हे कोणासही दिसेल. देव आणि देउस, मातृ आणि मातेर, सप्त आणि सेप्तेम, अग्नी आणि इग्निस, नाम आणि नोमेन, दान आणि दोनुम ह्या जोड्याही तशाच. आपल्या लाडक्या नाताळ शब्दाची गोष्ट तर फारच गोड आहे. पोर्तुगीज नाताल हा लॅटिन नातालिस, म्हणजे जन्माचा, ह्यावरून आला. आणि त्यामागील नातुस ह्या शब्दाचे प्राचीन रूप ग्नातुस असे होते. ते आणि आपला जात, म्हणजे जन्मलेला, हे शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. तेव्हा नाताळ आणि जन्म हे दूर देशी वाढलेले भाऊबंद होत, आणि गोव्या-वसईच्या किनाऱ्यावर त्यांची हजारो वर्षांनी पुन्हा भेट झाली.

परंतु फादर स्टीफन्स केवळ कुतूहल असलेले विद्वान नव्हते. ते मुलांस धर्मशिक्षण देणारे, कबुलीजबाब ऐकणारे, आजाऱ्यांच्या उशाशी बसणारे धर्मगुरू होते. १५८३च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्यांचे सोबती असे काही इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले, तेव्हा ते भिन्न पंथाचे आहेत हे न पाहता फादर स्टीफन्स ह्यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. जिवलग मित्र ज्याचा तुरुंगात पडला आहे, त्यास बंदिवानाचे दुःख कोणी शिकवावे लागत नाही.

सासष्टीच्या लोकांची बोली कोंकणी. पोर्तुगीज तिला कधी कानारी तर कधी ब्राह्मणांची भाषा म्हणत. मात्र तेथील शिष्ट लोकांची काव्याची व पुराणांची भाषा मराठी होती. ज्ञानेश्वर, नामदेव ह्यांच्या वाणीचा मान तेथवर पोहोचला होता, आणि पैठणचे एकनाथ तर फादर स्टीफन्स ह्यांचे समकालीनच होते. फादर स्टीफन्स ह्यांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या. राचोलच्या येशूसंघीयांनी रामायण-महाभारतातील कथा कोंकणीत व मराठीत रोमी लिपीने उतरवून घेतल्या होत्या. त्या जुन्या वह्या पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. शासनाने ज्या ग्रंथांस बंदी केली, तेच ग्रंथ भाषा शिकण्यासाठी धर्मगुरूंस उघडावे लागले, ही त्या काळाची एक मोठी विसंगती होय.

ख्रिस्तपुराणाच्या प्रारंभी त्याच्या जन्माचे निमित्त सांगितले आहे. एका रविवारी धर्मशिक्षण चालले असता एक ब्राह्मण गृहस्थ पुढे आला. त्याची तक्रार अशी की, धर्मशिक्षणाचे पाठ चांगले आहेत, परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही आमच्यापासून काढून घेतली, आणि त्यांच्या जागी दुसरी दिली नाहीत. तर रिकामा वेळ आम्ही कशात घालवावा, आणि मनास विसावा कोठे शोधावा? वाचकांनी ह्या तक्रारीचे वजन लक्षात घ्यावे. देऊळ गेले, ग्रंथ गेले, सण गेले. माणसाच्या संध्याकाळी ओस पडल्या. प्रश्नोत्तरांची पुस्तिका बुद्धीस पुरते, पण ओवी ऐकत मोठ्या झालेल्या अंतःकरणास ती पुरत नाही. फादर स्टीफन्स ह्यांनी ह्या मनुष्यास दटावले नाही. त्याचे म्हणणे न्याय्य आहे असे त्यांनी मानले, आणि उत्तरादाखल सुमारे ११ हजार ओव्यांचे पुराण रचून दिले.

ह्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील तारणाऱ्याच्या वचनापर्यंतची कथा असून त्याचे ३६ अध्याय आहेत. दुसऱ्यात प्रभू येशूचे जन्म, कार्य, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान ५९ अध्यायांत सांगितले आहे. अध्यायास ते अवस्वरू म्हणतात. छंद ओवीचा, पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा. भाषा मराठी, पण जुन्या कवींचे कठीण शब्द साध्या लोकांस कळणार नाहीत म्हणून त्यांनी जाणूनबुजून सोपे कोंकणी शब्द मिसळले. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी मराठी भाषेचा जो गौरव केला आहे, तो फार प्रसिद्ध आहे. रत्ने, फुले, सुवास, पक्षी आणि वृक्ष ह्यांतील जे जे श्रेष्ठ, त्याच्याशी त्यांनी मराठीची तुलना केली. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने, पोर्तुगीजांच्या राज्यात, ह्या भाषेस असा मुजरा करावा, आणि तोही ४०० वर्षांपूर्वी, हे वाचून कोणत्या मराठी माणसाचे अंतःकरण भरून येणार नाही?

ख्रिस्ती धर्मातील गहन अर्थ मांडण्यासाठी शब्द कोठून आणावे हा त्यांच्यापुढील कठीण प्रश्न होता. काही ठिकाणी त्यांनी मूळ नावे तशीच ठेवली. पवित्र आत्म्यास त्यांनी स्पिरितु सांतु असेच म्हटले. परंतु बहुतेक ठिकाणी त्यांनी लोकांच्या घरचेच शब्द घेतले. स्वर्गास वैकुंठ म्हटले, पापास पातक म्हटले, नरकास यमकोंड म्हटले, संतांस भक्तिवंत म्हटले. वैकुंठ हे विष्णूच्या धामाचे नाव. ते ख्रिस्ती पुराणात कसे चालावे, असा प्रश्न आमच्याही काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी इतके स्मरावे की, ग्रीकांचा थेओस आणि रोमकरांचा देउस हे शब्दही एके काळी मूर्तिपूजकांच्या मंदिरांतलेच होते. एक्लेसिया म्हणजे नगरातील नागरिकांची सभा. प्रेषितांनी तो शब्द उचलला, तो लॅटिनमधून पोर्तुगीजांत इग्रेजा झाला, आणि आपल्या कोकणात इगर्जी झाला. बाजारपेठेतला शब्द अशा रीतीने वेदीपर्यंत आला. पवित्र ख्रिस्तसभेने प्रथमपासून लोकांच्या भाषेस बाप्तिस्मा देऊनच आपले कार्य केले आहे. फादर स्टीफन्स ह्यांनी नवीन काही केले नाही; जुनी रीत नव्या भूमीत चालविली.

आता लिपीची कथा. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, आणि तमिळ अक्षरांचे खिळे पाडून दक्षिणेत १५७८ साली तमिळ पुस्तकही छापले गेले होते. मराठीसाठी तसे व्हावे अशी फादर स्टीफन्स ह्यांची तळमळ होती. १६०८ साली रोममधील आपल्या श्रेष्ठींस त्यांनी पत्र लिहून ही इच्छा कळविली. अडचण खिळ्यांच्या संख्येची होती. रोमी लिपीस २४ साचे पुरत. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, उकार व जोडाक्षरे ह्यांमुळे ६००च्या घरात साचे लागतील असा त्यांचा हिशेब होता, आणि युक्तीने ते २००पर्यंत उतरविता येतील असेही त्यांनी सुचविले. ती योजना सिद्धीस गेली नाही. म्हणून १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमी अक्षरांत. टवर्गातील अक्षरांसाठी, तसेच ण आणि ळ ह्यांसाठी रोमी अक्षर दोनदा लिहावयाचे, श साठी एक्स वापरावयाचा, अशी वर्णपद्धती त्या काळी बसविण्यात आली. गोव्यात आजही रोमी कोंकणीत श साठी एक्स लिहिला जातो, तो ह्याच परंपरेचा अवशेष. हिंदुस्थानात देवनागरी खिळ्यांनी मराठी पुस्तक छापले जाण्यास मात्र १८०५ साल उजाडावे लागले. विल्यम केरी ह्यांचे मराठी व्याकरण त्या वर्षी श्रीरामपूर येथे निघाले. म्हणजे फादर स्टीफन्स ह्यांचे स्वप्न पुरे होण्यास त्यांच्या पत्रानंतर जवळजवळ २०० वर्षे लागली.

फादर स्टीफन्स ह्यांनी १६१९ साली गोव्यातच देह ठेवला. त्यांची आणखी दोन पुस्तके त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली. पहिले कोंकणीतील ख्रिस्ती धर्मशिक्षण, १६२२ साली राचोल येथे छापलेले. मुलांसाठी गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने ते रचले आहे. कोंकणी भाषेत छापलेले हे पहिले पुस्तक म्हणून ओळखले जाते. दुसरे कोंकणीचे व्याकरण, १६४० सालचे. ते फादर दियोगु रिबेरो ह्यांनी वाढविले आणि संघाच्या इतर चार धर्मगुरूंनी तपासले. कोणत्याही भारतीय भाषेचे छापलेले हे पहिले व्याकरण होय असे अभ्यासक मानतात. त्यांचा कित्ता गिरवणारेही निघाले. फ्रेंच येशूसंघीय एतिएन द ला क्रुआ ह्यांनी संत पीटर ह्यांच्यावर मराठी पुराण रचले. आपल्या उत्तर कोकणच्या बोलीत फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश ह्यांनी प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण लिहिले. ते १६५९ साली लिस्बन येथे छापले गेले, आणि मुंबईकडील ख्रिस्ती लोकांत पिढ्यान् पिढ्या गायले गेले.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये रविवारी व सणावारी ते गायले जाई. परंतु लवकरच वारा फिरला. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या विजरईने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत ख्रिस्ती पुराण गायिले गेले, तीच भाषा आता ख्रिस्ती राज्यकर्त्यांस नकोशी झाली. पाठशाळांतून ती गेली, छापखान्यातून गेली. पुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही.

तरीही पुराण मेले नाही. गोव्याहून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला हाताने उतरवून घेतल्या, आणि म्हाताऱ्या माणसांनी ते मुलाबाळांस गाऊन दाखविले. टिपू सुलतानाने १७८४ साली मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणच्या बंदीत नेले; त्या १५ वर्षांच्या दुर्दैवात, जेथे धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती, तेथे ह्या ओव्यांनीच त्यांची श्रद्धा तगविली, अशी त्यांच्यातील परंपरा सांगते. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. सालदान्हा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ रोमी लिपीत पुन्हा छापला. पुढे लंडन येथील मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी प्रत सापडली. तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द अधिक आहेत. शेवटी १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुणे येथे संपूर्ण पुराण देवनागरी लिपीत प्रसिद्ध केले, आणि १९९६ साली फादर कॅरिडाड द्रागो ह्यांची अर्थासह आवृत्ती निघाली. परक्या अक्षरांत गेलेले वतन असे साडेतीनशे वर्षांनी आपल्या अक्षरांत परत आले. कोंकणीसही तिचा मान मिळाला. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली भारताच्या राज्यघटनेत तिची नोंद झाली.

फादर स्टीफन्स वेदीवर उभे राहत तेव्हा त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, कारण त्या काळी दुसरी वाट नव्हती. मराठी ओव्यांस मिस्सेच्या बाहेर, दुपारच्या वेळी, जागा मिळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांस वाट करून दिली, आणि आज आपण सारी मिस्सा मराठीत अर्पण करितो. आपल्यास ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे की तिचे मोल आपल्यास वाटेनासे झाले आहे.

आणि येथेच आम्हांस आमच्या धर्मबंधुभगिनींशी दोन शब्द स्पष्टपणे बोलावयाचे आहेत. आपल्या वसई प्रांतात मराठीच्या अंगाखांद्यावर कादोडी आणि वाडवळी ह्या आपल्या बोली नांदत आल्या. ह्या बोलींत लग्नाची गाणी आहेत, शेतीभातीची नावे आहेत, उपवासकाळी म्हटली जाणारी दुःखसहनाची गीते आहेत. त्या आज सर्वांहून अधिक वृद्धांच्या मुखी उरल्या आहेत. फादर स्टीफन्स ह्यांच्या काळी भाषेवर बंदी आली ती विजरईच्या फर्मानाने. आज कोणी फर्मान काढीत नाही. आईबापच लेकरांशी आपली बोली बोलण्याचे सोडतात, शेजारी काय म्हणतील म्हणून लाजतात, आणि जे १६८४च्या फर्मानास साधले नाही ते घरोघर आपोआप साधत आहे. मुलांनी इंग्रजी शिकू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. फादर स्टीफन्स ह्यांस इंग्रजी, लॅटिन, पोर्तुगीज, कोंकणी व मराठी इतक्या भाषा येत होत्या, आणि एक शिकताना दुसरी टाकावी लागते असे त्यांच्या आयुष्यात कोठेही दिसत नाही.

तेव्हा ज्युबिलीच्या ह्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक लहानसे काम हाती घ्यावे अशी आमची विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ बसावे, त्यांना येणारी जुनी गाणी, प्रार्थना, म्हणी, आणि भांडीकुंडी, मासे, झाडे ह्यांची नावे एका वहीत उतरवून घ्यावी. शुद्धलेखनाची काळजी करू नये. जसे ऐकू येईल तसे लिहावे. ख्रिस्तपुराण वाचले ते अशाच साध्या माणसांनी हाताने लिहिलेल्या वह्यांमुळे. लिहिलेली वही चर्चच्या कार्यालयात आणून दिल्यास तिची नक्कल करून घेण्याची व ती जपून ठेवण्याची व्यवस्था आम्ही करू.

योबेलच्या वर्षी हातची गेलेली वतने परत मिळत असत. जे वतन आपल्या आजीच्या तोंडी अजून शाबूत आहे, ते ती हयात असतानाच मागून घ्यावे. सासष्टीच्या त्या अनामिक गृहस्थाची तक्रार ऐकून घेण्याचे औदार्य ज्या परमेश्वराने आपल्या सेवकास दिले, तोच आपल्या कानांस व लेखणीस बळ देवो, आणि फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या आत्म्यास सार्वकालिक प्रकाशात विसावा देवो. आमेन.